तीन वर्षे, चार हप्ते आणि एक साठवण टाकी: परदेशी निधीच्या भागीदारीचे परीक्षण

२०१९ ते २०२२ या तीन वर्षांत देवगड तालुक्यातील आमच्या गावाने एका युरोपीय मदतसंस्थेचा निधी घाटावरच्या एका मोठ्या शहरातील भागीदार संस्थेमार्फत घेतला आणि त्यातून दोन झऱ्यांचे पुनरुज्जीवन, एक साठवण टाकी, उताराने पाणी आणणारी नळवाहिनी आणि वहाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, एक बंधारा ही कामे केली. गावातील सार्वजनिक न्यासाचा खजिनदार या नात्याने मी या व्यवहाराचा प्रत्येक कागद हाताळला आहे. किनारपट्टीवरील अनेक वाड्यांकडे आता अशा संस्थांचे प्रतिनिधी येतात, बैठका होतात आणि ‘भागीदारी’ हा शब्द सढळपणे वापरला जातो. त्यामुळे ही सेवा घेऊन झालेल्या एका ग्राहकाने तिचे परीक्षण लिहून ठेवणे उपयोगाचे ठरावे. मदतसंस्था आणि भागीदार संस्था या दोघांचीही नावे मी देत नाही, कारण आक्षेप मुख्यतः पद्धतीवर आहे आणि ही पद्धत एकट्या कोणाची नाही. गुणच द्यायचे तर पाचपैकी तीन देईन. त्यांतले बहुतेक टाकीला आणि आमच्याकडे आलेल्या कार्यकर्त्याला आहेत.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, हे घाटावरच्या माणसाला प्रथम पटत नाही. जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात मुरलेले पाणी उतारावरच्या झऱ्यांतून दिवाळीनंतरही काही महिने वाहते आणि शिमग्याच्या सुमारास झरा आटू लागतो. आमची गरज म्हणूनच नेमकी आणि छोटी होती: झऱ्याचे मुख स्वच्छ करून बांधून घ्यायचे, रात्रभर वाया जाणारे पाणी टाकीत साठवायचे आणि सकाळी घरोघर सोडायचे. अशा छोट्या कामाला सरकारी योजनेत बसवणे अवघड जाते, आणि परदेशी निधीकडे वळण्याचे कारण एवढेच होते.

हा पैसा येतो कसा, हे आम्हाला पहिल्या बैठकीत कोणी समजावले नव्हते. ते मी पुढे स्वतः वाचून घेतले. युरोपातील बहुतेक मदतसंस्थांकडे दोन प्रकारचा पैसा असतो. एक सामान्य नागरिकांच्या आणि चर्चमधून जमणाऱ्या देणग्यांचा, दुसरा त्या देशाच्या सरकारने करातून दिलेला. जर्मनीचे उदाहरण स्पष्ट आहे: तेथील विकास मंत्रालय स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांना खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान देते आणि उरलेला भाग संस्थेने उभा करायचा असतो, मिसेरिओर ही कॅथॉलिक संस्था १९५८ पासून आणि ‘ब्रोट फ्युर दी वेल्ट’ ही प्रोटेस्टंट संस्था १९५९ पासून अशा कामात आहे. या संस्था येथे स्वतः विहिरी खणत नाहीत. त्या भारतात नोंदलेली एखादी संस्था निवडतात, तिच्याशी करार करतात, आणि ती संस्था गावे निवडते. यात २००३ सालच्या एका निर्णयाचाही हात आहे. त्या वर्षी भारत सरकारने मोजके मोठे देश वगळता बाकीच्या लहान दात्या देशांकडून थेट सरकारी मदत घेणे थांबवले आणि त्यांनी आपला पैसा स्वयंसेवी संस्था किंवा संयुक्त राष्ट्रांसारख्या बहुपक्षीय यंत्रणांमार्फत वळवावा असे सुचवले. ब्रिटननेही भारताला दिली जाणारी पारंपरिक आर्थिक मदत २०१५ मध्ये संपवली. सरकारी दार अशा रीतीने आवळत गेले आणि मधल्या संस्थांचे महत्त्व वाढले.

या साखळीत आमचे स्थान तिसरे होते. दाता, मग भागीदार संस्था, मग अकरा गावांतील अकरा छोटे न्यास किंवा मंडळे. आमच्या न्यासाकडे २०१७ पासून एफसीआरए, म्हणजे परदेशी निधी घेण्याचे नियमन करणाऱ्या कायद्याखालची, नोंदणी होती. ती मिळण्यासाठी तीन वर्षांत किमान दहा लाख रुपये सामाजिक कामावर खर्च केल्याचे दाखवावे लागे (आता ती अट पंधरा लाखांची आहे), आणि गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने शाळेच्या इमारतीला दिलेल्या पैशामुळे तो आकडा आमच्या हिशेबात बसला होता. करारानुसार आमच्या गावासाठी १४ लाख २० हजार रुपये मंजूर झाले. ते चार हप्त्यांत यायचे: ४० टक्के आरंभी, ३० टक्के पहिल्या हप्त्याचा हिशेब दिल्यावर, २० टक्के बंधारा पूर्ण झाल्यावर आणि शेवटचे १० टक्के अंतिम लेखापरीक्षणानंतर. त्याशिवाय एकूण रकमेच्या दहा टक्के, म्हणजे १ लाख ४२ हजार रुपयांचा लोकसहभाग रोख अथवा श्रमाच्या रूपाने दाखवायचा होता.

प्रस्ताव लिहिण्याची सेवा उत्तम होती, हे प्रथम मान्य करतो. भागीदार संस्थेने पाठवलेला कार्यकर्ता पंचविशीतला होता, घाटावरचा असूनही महिनाभरात मालवणी समजू लागला होता, आणि त्याने सलग सहा दिवस आमच्याबरोबर वहाळ पायाखाली घातला. कोणता झरा शिवरात्रीपर्यंत टिकतो आणि कोणता पौषातच आटतो, हे त्याने वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून वहीत उतरवले. त्या वहीवरून झालेला आराखडा आजही चूक ठरलेला नाही. पुढे त्याच माहितीचे रूपांतर ‘लॉगफ्रेम’ नावाच्या तक्त्यात झाले. हा तक्ता १९६९ मध्ये ‘यूएसएड’ या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेसाठी तयार करण्यात आला आणि नंतर जगभरच्या दात्यांनी तो स्वीकारला: खाली कामे, वर फलित, त्याच्या वर उद्दिष्ट; शेजारच्या रकान्यांत निर्देशक, पडताळणीची साधने आणि गृहीतके. विचाराला शिस्त लावण्यासाठी तो तक्ता चांगला आहे. आमच्या बाबतीत मात्र त्याचा नमुना दुष्काळी भागातील प्रकल्पावरून उचललेला होता. त्यामुळे ‘विहिरीच्या पातळीत सरासरी वाढ’ हा निर्देशक आमच्या गळ्यात पडला. जांभ्यातील विहीर श्रावणात काठोकाठ भरते आणि मेमध्ये तळ दाखवते, तेथे सरासरी काढून हाती काय येणार? आम्ही ‘टँकरविना गेलेले दिवस’ हा निर्देशक सुचवला. कार्यकर्त्याला तो पटला, त्याच्या वरिष्ठांनाही पटला, पण तक्ता दात्याकडे मंजूर झालेला होता आणि बदलासाठी पुन्हा पत्रव्यवहार करण्याची कोणाची तयारी नव्हती. तीन वर्षे मी दर महिन्याच्या पाच तारखेला विहिरीत दोरी सोडून पातळी मोजली आणि तो आकडा पाठवत राहिलो.

पहिला हप्ता, ५ लाख ६८ हजार रुपये, जून २०१९ मध्ये वेळेवर जमा झाला. टाकीचा पाया आणि पहिल्या झऱ्याचे बांधकाम त्यातून झाले. याच काळात हिशेबाच्या पद्धतीची ओळख पटली. काम सुरू करण्यापूर्वी गावकाराने देवाला गाऱ्हाणे घातले. त्यासाठी आणलेले नारळ, विडे आणि अगरबत्ती यांचे ४६० रुपयांचे व्हाउचर मी भाबडेपणाने जोडले होते, ते ‘धार्मिक खर्च, अपात्र’ असा शेरा मारून परत आले. हा शेरा नियमाला धरून होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसे गावकीने भरले. श्रमदानाच्या मस्टरचा प्रश्न अधिक गंभीर होता. लोकसहभागाची किंमत रुपयांत दाखवायची असल्यामुळे प्रत्येक माणसाचे नाव, तास, दर आणि सही अथवा अंगठा आवश्यक होता. वाडीतील काम वाडीने करण्याची येथे जुनी रीत आहे. पाणंद साफ करणे, साकव घालणे, देवळाची शाकारणी, या कामांना घरटी एक माणूस जातो आणि न गेलेल्या घराची चर्चा होते, नोंद होत नाही. सत्तरी ओलांडलेल्या एका आजीने ‘आमच्याच बावीच्या कामाक सही कित्याक व्हयी?’ असे विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने अंगठा उठवला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

येथे जरा विषयांतर करतो, परंतु ते अगदीच परके नाही. बाहेरून येणाऱ्या पैशाची कोकणाला सवय आहे. मुंबईच्या गिरणीतून आणि गोदीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर येथील घरे पिढ्यान्‌पिढ्या चालली, आणि प्रत्येक गावाचे मुंबईत मंडळ असते, ते वर्गणी काढते आणि शाळा, देऊळ, रस्ता यांसाठी पैसे पाठवते. त्या पैशालाही अटी असतात, आणि मंडळाच्या अध्यक्षांचे नाव संगमरवरावर कोरण्याची अट त्यांत पहिली असते. मात्र मंडळाचा माणूस गणपतीत घरी येतो, पडवीत बसून हिशेब विचारतो आणि खर्च चुकला असेल तर तोंडावर बोलतो. देणारा आणि घेणारा एकाच पंगतीला बसतात. परदेशी दात्याच्या साखळीत देणाऱ्याला घेणाऱ्याची भाषा येत नाही, म्हणून त्या विश्वासाची जागा कागदाने भरून काढावी लागते. कागदाचा हा भार अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. तो वाहायचा कोणी आणि त्याचे मोल कोणाला मिळायचे, हा वेगळा प्रश्न आहे. करारात व्यवस्थापन खर्चाची तरतूद भागीदार संस्थेसाठी होती. गावपातळीवरील न्यासासाठी शून्य. झेरॉक्स, देवगड बँकेच्या फेऱ्या, कणकवलीच्या सनदी लेखापालाचे शुल्क हे सर्व आमच्या खिशातून गेले. माझ्या नोंदीप्रमाणे तीन वर्षांत ते ३१ हजारांच्या वर गेले.

दुसरा हप्ता, ४ लाख २६ हजार, फेब्रुवारी २०२० मध्ये आला आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. गवंडी निघून गेले, मुंबईहून परतलेले चाकरमानी शाळेत विलगीकरणात राहिले, काम थांबले. त्याची सूट दात्याने विनातक्रार दिली. खरा फरक २९ सप्टेंबर २०२० पासून पडला. त्या दिवशी लागू झालेल्या एफसीआरए दुरुस्तीने परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो पुढे दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे हस्तांतरित करण्यास मनाई केली. २०१० च्या मूळ कायद्यानुसार, जो १ मे २०११ पासून अमलात आला, नोंदणीकृत संस्था दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला असा निधी देऊ शकत होती, आणि साखळीतील तिसरी कडी त्यावरच उभी होती. त्याच दुरुस्तीने व्यवस्थापन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि प्रत्येक संस्थेने परदेशी निधीसाठी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते उघडणे सक्तीचे केले. या दुरुस्तीला आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ती वैध ठरवली. मोठ्या संस्थांनी खर्च कसा वळवला आणि किती पैसा परदेशातून येऊन शहरातल्या कार्यालयांतच मुरला, याबद्दल सरकारची शंका निराधार होती असे मला वाटत नाही. परंतु हस्तांतरबंदीचा भार शहरातील कार्यालयावर कमी आणि वहाळाच्या काठावरच्या न्यासावर जास्त पडला.

आमचा तिसरा हप्ता, २ लाख ८४ हजार, ऑक्टोबरमध्ये येणे होते. तो आमच्या खात्यात कधीच आला नाही, कायद्याने येऊच शकत नव्हता. भागीदार संस्थेने त्यावर काढलेला मार्ग असा की यापुढे सर्व खरेदी त्या संस्थेच्या नावाने, तिच्या खात्यातून, थेट विक्रेत्याला पैसे देऊन होईल, आणि आमचा न्यास ‘लोकसंघटन’ करील. कागदावर हा छोटा बदल दिसतो. प्रत्यक्षात चिरेखाणीच्या मालकाला जीएसटीचे बिल, पॅन आणि बँक तपशील घाटावर पाठवून दीड महिना थांबायला सांगण्याची वेळ आली. तो माणूस गावचाच. मी तोंडी सांगितले असते तर त्याने चिरे दुसऱ्या दिवशी टाकले असते आणि पैसे हप्त्याने घेतले असते. दूरच्या संस्थेच्या भरवशावर उधारी देण्यास त्याने नकार दिला, आणि तो योग्यच होता. शेवटी चिरे आणि सिमेंट दोन्ही कणकवलीच्या मोठ्या विक्रेत्याकडून आले, वाहतूक अधिक लागली, आणि गावातील बचत गट मजुरांना जे जेवण देत होता त्याचे बिल नमुन्यात न बसल्यामुळे ते काम बंद पडले. निधी गावात खर्च होत होता आणि गावाला त्यातून मिळणारी मजुरी व मिळकत मात्र आटत होती.

मदतीच्या याहून वेगळ्या रचना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत, म्हणून ही गोष्ट अधिक जाणवते. १९९२ पासून राबवला गेलेला भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम घ्या. त्यात केएफडब्ल्यू या जर्मन बँकेचा पैसा नाबार्डमार्फत येत असे, १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ संस्था गावांची आधी तयारी करून घेत असे, आणि शेतकऱ्याच्या बांधावर त्याच्यासह उभे राहून आखणी होत असे. गावाच्या पाणलोट समितीचा पैशावर आणि निर्णयावर प्रत्यक्ष हात होता. आमच्या जिल्ह्यातही दुसरा नमुना आहे. सिंधुदुर्गच्या किनारी जैवविविधतेचा प्रकल्प यूएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि जागतिक पर्यावरण निधी यांच्या साहाय्याने राज्याच्या कांदळवन कक्षामार्फत राबवला गेला. ट्रॉलरच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाची जाळी लावून लहान मासळी सुटू देणे, खेकडे व कालवे यांची शेती, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या ‘स्वामिनी’ गटाची कांदळवन सफर, ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली कामे. संयुक्त राष्ट्रे आणि त्यांच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांना एफसीआरए कायद्याने ‘विदेशी स्रोत’ या व्याख्येतून वगळले आहे, त्यामुळे अशा पैशाला वर सांगितलेली हस्तांतरबंदी आडवी येत नाही. २०१८ मध्ये हरित हवामान निधीने आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आणि ओडिशा यांच्या किनारपट्टीसाठी मंजूर केलेले सुमारे ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदानही यूएनडीपीमार्फत याच वाटेने आले आणि त्यात सिंधुदुर्ग आहे. गावाच्या दृष्टीने त्या वाटेलाही अडचणी आहेत, कारण तेथे सरकारी कार्यालयाचा वेग चालतो. पण गटाच्या खात्यात पैसे येण्याची शक्यता तेथे निदान शिल्लक असते.

पैशाचा आणखी एक बारकावा आमच्या उशिरा लक्षात आला. दात्याचा भागीदार संस्थेशी करार युरोत होता, आमचा तिच्याशी रुपयांत. पहिल्या हप्त्याच्या वेळी युरो साधारण ७८ रुपयांचा होता. २०२० च्या अखेरीस तो ९० च्या आसपास गेला. तितक्याच युरोंचे अधिक रुपये झाले, आणि ते साखळीत वरच राहिले. मी दोनदा लेखी विचारणा केली. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्याला, ती रक्कम दात्याच्या संमतीने प्रशिक्षण आणि लेखापरीक्षणावर खर्च झाल्याचे कळवण्यात आले. ते खरे असू शकेल. मात्र ते तपासण्याचा आमच्याकडे मार्ग नव्हता, आणि तो मार्ग पुढे आणखी अरुंद झाला: परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांची वार्षिक विवरणपत्रे गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत असत, ती सोय जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आली. दर तिमाहीची आवक जाहीर करण्याची अटही त्याच महिन्यात रद्द झाली. लेखापरीक्षित वार्षिक हिशेब प्रसिद्ध करण्याचे बंधन राहिले आहे, पण त्यात अकरा गावांची बेरीज एका ओळीत असते.

प्रशिक्षणांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. चार झाली, त्यांतले नळजोडणीचे कामाचे होते.

तौक्ते वादळाच्या वेळी मात्र या सेवेची चांगली बाजू दिसली आणि ती नोंदवणे न्यायाचे आहे. १६ मे २०२१ रोजी वादळ किनाऱ्यालगत सरकले तेव्हा हापूसची उरलीसुरली फळे, कलमे आणि घरांची कौले यांबरोबर आमच्या नळवाहिनीवरही दोन माड आडवे झाले आणि जवळजवळ सत्तर मीटर वाहिनी उखडली. करारानुसार एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात दहा टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम वळवायची तर दात्याची लेखी परवानगी लागते. वीज आठवडाभर नव्हती. मी विजयदुर्गच्या रस्त्यावर, जेथे मोबाईलला रेंज येत होती तेथे उभा राहून छायाचित्रे पाठवली. नवव्या दिवशी परवानगी आली, प्रशिक्षणाच्या शीर्षातील शिल्लक दुरुस्तीकडे वळवण्यात आली, आणि पाऊस लागण्यापूर्वी वाहिनी जोडून झाली. त्याच वादळाची सरकारी नुकसानभरपाई किती दिवसांनी आणि किती मिळाली, हे बागायतदारांना विचारावे. दूर असलेला दाता वेगाने निर्णय घेऊ शकतो, हे मी त्या वेळी पाहिले. त्यासाठी मधल्या कार्यकर्त्याने रात्री अकरा वाजता इंग्रजीत अर्ज लिहून द्यावा लागतो, हेही पाहिले.

अंतिम मूल्यमापनासाठी मार्च २०२२ मध्ये परदेशातून एक बाई आणि शहरातून एक दुभाषी आले. दीड दिवस गावात होते. त्यांनी नेमके प्रश्न विचारले. पाणी कोण सोडतो, किल्ली कोणाकडे असते, दलित वस्तीच्या नळाला दाब पुरतो का, हे त्यांनी स्वतः नळ उघडून पाहिले. त्या नळाला खरोखरच दाब कमी होता, आणि ती गोष्ट आम्ही तीन वर्षे कोणत्याच अहवालात लिहिली नव्हती. दोष भागीदार संस्थेचा जितका, तितकाच आमचा. अहवाल वर जातो तेव्हा प्रत्येक पायरीवर त्यातील अडचण थोडी थोडी घासून जाते, कारण प्रत्येकाला पुढचा हप्ता हवा असतो. त्या भेटीनंतर शेवटच्या दहा टक्क्यांतून त्या वस्तीसाठी स्वतंत्र जोडवाहिनी टाकण्यात आली. संपूर्ण प्रकल्पात मला सर्वांत समाधान देणारा खर्च तोच.

२०२२ मध्ये आमच्या नोंदणीची पाच वर्षांची मुदत संपली. नूतनीकरण करावे की नाही यावर न्यासाची लांब बैठक झाली. दिल्लीतील खाते, दर वर्षी ३१ डिसेंबरपूर्वीचे विवरणपत्र, पैसा आला नाही तरी भरावयाचे शून्याचे विवरणपत्र, सनदी लेखापालाचे शुल्क, हे सर्व करूनही मोठा दाता आमच्यासारख्या एका गावाशी थेट करार करणार नाही, कारण त्याला एका करारात अकरा गावे हवी असतात. आम्ही अर्ज केला नाही. ज्या न्यासाला विशिष्ट दात्याने विशिष्ट रक्कम देऊ केली असेल, त्याने पूर्वपरवानगीचा मार्ग विचारात घ्यावा. तो त्या एका कामापुरता असतो आणि कायमच्या नोंदणीचा भार त्यात नाही.

ज्यांच्याकडे आज असा प्रस्ताव आला आहे, त्यांनी माझ्या मते एकदाच होणाऱ्या बांधकामासाठी तो घ्यावा आणि वर्षानुवर्षे चालवायच्या कामासाठी घेऊ नये. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एका आदेशाने थांबवली आणि जुलैपर्यंत ‘यूएसएड’चे काम संपुष्टात आले, तेव्हा ज्यांचे मासिक पगार त्या पैशावर होते त्यांची अवस्था जगाने पाहिली, आमच्या टाकीला त्याने काही झाले नसते. करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: खरेदीचे बिल किती दिवसांत भागवले जाईल, चलनाच्या दरातील फरक कोणाचा, आणि गावाने केलेल्या हिशेबाच्या कामाचा खर्च कोणत्या शीर्षात धरला आहे. दाता प्रकल्पाचा इंग्रजी अहवाल पाठवतो त्याची प्रतही मागावी. आम्हाला ती शेवटी मिळाली, आणि तीत आमच्या न्यासाचे नाव एकदाच, परिशिष्टात, चुकीच्या स्पेलिंगने होते.

योजना चालू आहे. घरटी महिन्याला पन्नास रुपये जमतात, त्यातून पाणी सोडणाऱ्या मुलाचे मानधन निघते, मोठी दुरुस्ती आली की मुंबई मंडळाला फोन जातो. दात्याचे बोधचिन्ह असलेला पत्र्याचा फलक करारानुसार पाच वर्षे जागेवर ठेवून दर वर्षी त्याचे छायाचित्र पाठवायचे होते. तो फलक, अंदाजपत्रकात ६ हजार ५०० रुपयांचा, तौक्तेमध्ये उडाला आणि पंधरा दिवसांनी शेजारच्या कलमबागेत वाकलेला सापडला. सरळ करून आम्ही तो व्हॉल्व्हच्या चेंबरवर झाकण म्हणून ठेवला आहे, अक्षरांची बाजू वर करून, आणि जानेवारीत त्याचे छायाचित्र नियमाप्रमाणे पाठवतो. अद्याप कोणी हरकत घेतलेली नाही.